ईरम्मा खुनाचं पुस्तक वाचते

ईरम्मा बिराजदार भाकरी थापायला बसली की शेजारच्या शेगडीवरच्या बायका नकळत तिच्या हाताकडे बघत राहायच्या. पिठाचा गोळा परातीत पडायचा आणि चार-सहा थापांत ताटाएवढा पसरायचा. कड कुठं जाड नाही, कुठं फाटलेली नाही. कडक भाकरीला असाच हात लागतो. ती पापडासारखी पातळ हवी आणि तरीही उचलताना मोडता कामा नये. शेळगीच्या बाजूला हेमावतीताईंची पत्र्याची शेड होती, तिथं अकरा शेगड्या आणि अकरा बायका. त्या अकरांत गेली चौदा वर्षं ईरम्मा पहिली.

मार्गशीर्षात एका सकाळी घराच्या मागं धुण्याच्या दगडापाशी तिचा पाय घसरला. पडताना तिनं उजवा हात टेकला आणि मनगटातून असा आवाज आला की आत चूल पेटवत बसलेल्या नवऱ्यालाही ऐकू गेला. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, "सहा आठवडे. पीठ नाही, पाणी नाही, वजन नाही."

"मग करायचं काय?" ईरम्मानं विचारलं.

"आराम," डॉक्टर म्हणाले.

आराम कसा करतात हे चोपन्न वर्षांत तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पहिले दोन दिवस ती झोपली. तिसऱ्या दिवशी तिनं टीव्ही लावला. मालिका बघितली, पण तिला ती पटेना. "ह्यातली बाई मागल्या वर्सी मेली हुती की," ती नवऱ्याला म्हणाली. "आज परत दारात उभी हाय. मेलेलं माणूस एवढं सोपं परत येतंय व्हय?" नागप्पा गिरणीतून रिटायर झालेला, अबोल माणूस. तो शेंगा सोलत बसला होता, त्यानं नुसती मान हलवली. ईरम्मानं टीव्ही बंद केला आणि ती दारात जाऊन बसली.

त्याच बोळात गुरुशांत सर राहत. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, वय बहात्तर, मान थोडी पुढं वाकलेली. रोज सकाळी ते दूध आणायला जात आणि येताना ईरम्माच्या दाराशी दोन शब्द बोलत. त्या दिवशी त्यांनी प्लास्टर बघितलं, तिचं उतरलेलं तोंड बघितलं.

"वाचता येतं ना, ईरम्मा?"

"येतंय की. कन्नडमधी सातवी झालीय माझी. मराठी पण येतंय. बसची पाटी वाचते, औषधाची चिठ्ठी वाचते."

"मग पुस्तकही येईल. पाटीच असते ती, जरा लांब."

तासाभरानं सर एक पुस्तक घेऊन आले. वरचं कव्हर कधीच गेलं होतं, त्याजागी खाकी कागद चढवलेला. पानं पिवळी, कडेला मऊ पडलेली.

"नाव काय ह्याचं?"

"नाव सांगितलं तर निम्मी मजा जाईल. एक खून होतो. कुणी केला ते शोधायचं, एवढंच." सरांनी पुस्तक तिच्या डाव्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही. "एक अट आहे. शेवटचं पान आधी बघायचं नाही. काही झालं तरी नाही."

"न्हाय बघणार."

"आणि एक सांगू? मला तुमचा हेवा वाटतोय."

मोडक्या हाताच्या बाईचा कुणाला हेवा का वाटावा, हे ईरम्माला कळेना. सर तसेच हसत निघून गेले.

पहिल्या दिवशी दीड पान झालं. बोटाखाली एकेक अक्षर धरून ती वाचायची. जोडाक्षर आलं की थांबायची, ओठ हलवून ते फोडून बघायची आणि मग गिळायची. एका मोठ्या लाकूडवाल्या शेठचा नदीकाठचा बंगला, त्याची दुसरी बायको सुमतीबाई, उधळ्या पुतण्या, गोदू स्वयंपाकीण, म्हातारा दिवाणजी. दुसऱ्या दिवशी तीन पानं. तिसऱ्या दिवशी तिनं जेवणाचं ताट बाजूला सारलं. चौथ्या दिवशी दुपारी ती अचानक ओरडली, "अय्यो! शेठला मारलं!"

नागप्पाच्या हातातल्या शेंगा सांडल्या. "कुठल्या शेठला? कोपऱ्यावरच्या?" तो चप्पल न घालताच बोळात धावला. किराणा दुकानाचा शेठ गिऱ्हाईकाला साबण देत होता. नागप्पा परत आला आणि पहिल्यांदाच बायकोवर चिडून बोलला, "पुस्तकातला खून असंल तर पुस्तकातला म्हणून सांगत जा की!"

पण ईरम्माला तो ऐकू येत होता कुठं! शेठ आपल्या खोलीत टेबलावर डोकं ठेवून मेलेला. ओठ निळे. अन्नात विष. समोर ताट, ताटात अर्धी उरलेली भाकरी, ठेचा, पाण्याचा तांब्या. आणि घरातलं प्रत्येक माणूस काहीतरी लपवतंय हे तिला स्वच्छ दिसत होतं. पंचायत एकच होती. हे सगळं पोटात ठेवून कसं राहायचं?

दुसऱ्या दिवशी ती प्लास्टर गळ्यात अडकवून शेडवर गेली.

"हात बरा न्हाय आन् आलीस कशाला?" मोहोळकडच्या रंभाबाईनं विचारलं. रंभाबाई तिच्या शेजारच्या शेगडीवर बसायची, आवाज असा की ती हळू बोलली तरी रस्त्यापर्यंत जायचा.

"सांगाया आले. एक शेठ मेलाय."

ईरम्मानं मग पहिली वीस पानं तोंडी सांगितली. सांगता सांगता बाकीच्या दहाही शेगड्यांवरची थापाथापी मंद झाली. पुढचं तिनं अजून वाचलं नव्हतं. ती थांबली तशी रंभाबाई म्हणाली, "मग? पुढं?"

"पुढं वाचलं न्हाय अजून."

"मग वाच की हितंच! पुस्तक आणलंयस न्हवं?"

आणलं होतं. पिशवीत होतं, टॉवेलात गुंडाळून.

हेमावतीताई शेडची मालकीण, अक्कलकोटकडच्या घरातली, हिशोबाला कडक. पण ईरम्माला चौदा वर्षांत तिनं कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. "वाचू दे तिला," ती म्हणाली. "पण एक सांगते. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा तोंडावर आलीय, ऑर्डर डोक्यावर आहेत. कुठल्याही तव्यावरून धूर निघाला की वाचन बंद."

अशी सुरुवात झाली. ईरम्मा उलट्या घातलेल्या पिठाच्या डब्यावर बसायची, पुस्तक मांडीवर, पान दाबायला लाटणं. थापांच्या आवाजावरून वाचायचं म्हणजे ओरडूनच वाचावं लागे. पहिल्या दिवशी ती अडखळत होती. 'संशयास्पद' ह्या शब्दाशी तिची अशी झटापट झाली की तरुण अंकिता उठून आली आणि म्हणाली, "अक्का, मी वाचू का? माझी बारावी झालीय." अंकितानं पानभर वाचलं. सफाईदार वाचलं, पण बातम्या दिल्यासारखं. मेलेला माणूस आणि चहाचा कप दोन्ही एकाच सुरात. बायकांनीच तिला परत शेगडीवर पाठवलं. ईरम्मा अडखळली तरी तिच्या आवाजात भीती होती, शंका होती. गोदू बोलली की गोदूसारखी, पुतण्या बोलला की नाकातून. तिलाच ठाऊक नव्हतं आपल्याला हे येतं.

चार-पाच दिवसांत प्रत्येकीचा खुनी ठरला. रंभाबाईचा पुतण्या, कारण तो "सकाळी धाला उठतोय". अंकिताची सुमतीबाई, कारण ती शेठपेक्षा वीस वर्षांनी लहान. कोपऱ्यातली एक मितभाषी बाई म्हणाली शेठचा डॉक्टर, कारण विष त्याच्याच कपाटात असतं. दिवाणजीची मात्र सगळ्यांना दया आली. वकीलसाहेब, म्हणजे पुस्तकातला खून शोधणारा वाळका माणूस, त्याच्या बाहेरच्या खोलीत चौकशीला गेले, तेव्हा तो बिचारा हात धोतराला पुसत पुढं आला आणि त्यांच्यासाठी चटई अंथरली. ईरम्मानं हे वाचलं तेव्हा रंभाबाई हळहळली, "वीस वर्सं एकटा जीव. आन् मालक तर गेला. कुटं जाणार आता ह्यो?" शिवाय खुनाच्या दिवशी तो संध्याकाळपासून गावाबाहेर होता, रात्री दहाला परत आला. गोदूनं शेठचं ताट आठलाच वाढून, वर जाळी झाकून, खोलीत ठेवलं होतं. चूल विझवून ती घरी गेली. नऊला खोलीला कुलूप लागलं, ते शेठनं अकराला बाहेरून आल्यावरच उघडलं आणि तो जेवायला बसला. म्हणजे आठ ते नऊच्या दरम्यान जो घरात होता त्यानंच ताटात विष घातलं. पोलिसांचं म्हणणं हेच, आणि शेडचंही हेच.

आठव्या दिवशी गंमत झाली. वकीलसाहेब पुन्हा एकदा मेलेल्या शेठच्या खोलीतल्या वस्तूंची यादी करतात, असं ते पान होतं. ईरम्मा वाचत होती, "ताटात अर्धी भाकरी होती, व्यवस्थित चौपदरी घडी घातलेली..."

"थांब," रंभाबाई म्हणाली.

ईरम्मा थांबली. दहाही शेगड्यांवर थाप थांबली.

"काय वाचलंस? परत वाच."

"चौपदरी घडी घातलेली."

"भाकरी कवाची?"

"आठची."

"आन् खाल्ली कवा?"

"अकराला."

रंभाबाईनं पिठाचे दोन्ही हात वर केले. "तीन घंटे उघड्यावर पडलेल्या ज्वारीच्या भाकरीची चौपदरी घडी? पौषातल्या थंडीत? कुणाला सांगतोय ह्यो? कट्टदिशी मोडंल ती!"

शेडमध्ये एकच गलका झाला. कुणी म्हणालं मोडेल, कुणी म्हणालं जाड असेल तर नाही मोडणार, कुणी म्हणालं जाळी म्हणजे झाकलेलीच की. ईरम्मानं पुस्तकात बोट घालून ते मिटलं. इतके दिवस ती दुसऱ्याचं पाहत होती. वकील काय बघतो, पोलीस काय बघतात. आणि आता भाकरीचा प्रश्न आला होता. भाकरीतलं वकिलाला काय कळणार?

"करून बघू," ती म्हणाली.

रंभाबाईनं घरच्यासारखी मऊ भाकरी केली. ताटात ठेवली, वर पिठाची चाळण पालथी घातली, ताट खिडकीत ठेवलं. तेव्हा अकरा वाजत होते. दोन वाजेपर्यंत एकीलाही नीट जेवण गेलं नाही. पिठाची पोती घेऊन टेम्पोवाला बिरप्पा आला, त्यानं विचारलं, "खिडकीत कुणाचं ताट हाय?" तर अंकिता म्हणाली, "मेलेल्या माणसाचं. हात लावू नका." तो पोती टाकून घाईनं निघून गेला.

बरोबर दोनला हेमावतीताई स्वतः घोळक्यात येऊन उभी राहिली. रंभाबाईनं चाळण काढली, भाकरी उचलली आणि घडी घातली. पहिली घडी कशीबशी बसली. दुसरीला कट्ट करून भाकरी तीन ठिकाणी मोडली. मग तिनं तव्यावरची नुकती उतरवलेली भाकरी घेतली, ती रुमालासारखी चौपदरी झाली.

"म्हणजे ताजी हुती," ईरम्मा हळू आवाजात म्हणाली. "गोदूच्या चुलीवरची न्हवंच ती. अकराला कुणीतरी गरम भाकरी करून दिली त्याला."

"आणि विष त्याच भाकरीसंगट," अंकिता म्हणाली.

"म्हणजे आठ ते नऊ कोण घरात हुतं, ते सगळं फुकट!" रंभाबाई म्हणाली.

तेवढ्यात धूर आला. एकदम चार तव्यांवरून. हेमावतीताईनं तोंड उघडलं, जळक्या भाकऱ्यांकडं बघितलं, पुस्तकाकडं बघितलं, आणि म्हणाली, "गोदूच असणार. मागच्या दारानं परत आली असेल. अजून किती पानं आहेत?"

शेवटचं प्रकरण उरलं तेव्हा शेडची साप्ताहिक सुट्टी आडवी आली. पुस्तक ईरम्माच्या घरी. शेवटची सोळा पानं तिनं कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी बंद करून टाकली होती, बायकांसमोर, शपथेसारखी. पण घरात ती आणि पुस्तक दोघंच. सकाळी तिनं एक चिमटा काढला आणि परत लावला. नागप्पा बघत होता. "वाच की," तो म्हणाला, "कोण बघतंय?" एवढं तो महिन्यातून एकदा बोलायचा, आणि बोलला ते असं! ईरम्मा उठली आणि थेट सरांच्या घरी गेली.

"हे ठेवा तुमच्यापाशी. उद्या नेते."

सरांनी चिमटे बघितले आणि ते इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. तिनं त्यांना सगळं सांगितलं. शेड, शेगड्या, रंभाबाई, घडी. घडीचं ऐकताना ते हसायचे थांबले आणि खुर्चीत पुढं सरकले.

"तुम्ही भाकरी करून बघितली? खरंच?"

"व्हय. तीन घंटे ठिवली. मोडली."

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मी हे पुस्तक अकरावीत असताना वाचलं. रद्दीवाल्याकडून घेतलं होतं. आधीच्या कुणीतरी बाराव्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, खुनी कोण ते. नावासकट. मी खोडरबरानं पुसलं, पण वाचलं होतंच ना. पुस्तक सगळं वाचलं, आवडलंही, पण मला कधीच कळलं नाही की न कळता ते वाचणं कसं असतं. मग मी ते दुसऱ्यांना द्यायला लागलो. दर वेळी वाटतं, वाचणाऱ्याचं तोंड त्या पानाशी बघायला मिळावं. पण लोक घरी नेतात, वाचतात आणि परत आणून देतात. ते पान त्यांनी कधी वाचलं, मला दिसतच नाही."

ईरम्मानं त्यांच्याकडे बघितलं. हेव्याचं कोडं आत्ता उलगडलं.

"उद्या शेडवर या," ती म्हणाली. "अकराला. दहा तोंडं बघाया मिळतील."

सर आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले, जसं कुणाच्या लग्नाला यावं. हेमावतीताईनं त्यांना एकुलती एक खुर्ची दिली आणि मग एक गोष्ट केली जी शेड सुरू झाल्यापासून कामाच्या वेळेत कधी झाली नव्हती. तिनं गॅसचा मेन कॉक बंद केला. "एक प्रकरण," ती म्हणाली. "जळण्यापेक्षा बरं." बिरप्पा पोती उतरवायला आला होता, तोही दारात टेकला.

ईरम्मानं चिमटे काढले. थापांचा आवाज नसल्यामुळं तिला ओरडायची गरज नव्हती. तिनं बोट अक्षराखाली धरलं नाही. हे तिच्या नंतर लक्षात आलं.

वकीलसाहेबांनी सगळ्यांना शेठच्या खोलीत बोलावलं होतं. पुतण्या घाम पुसत होता, सुमतीबाई खिडकीकडे तोंड करून उभी, गोदू रडत होती. आणि मग वकीलसाहेबांनी दोन ताटं मागवली. एकात तीन तासांची भाकरी, एकात ताजी. पहिलीची घडी घातली, ती मोडली.

शेडमध्ये जो आरडाओरडा झाला त्यानं रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावली. "आपलीच भाकरी!" रंभाबाई उभी राहून ओरडत होती. "आदी आपुन केली! त्यानं मागनं केली!" अंकितानं टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातली मितभाषी बाई शेजारणीला मिठी मारून हसत होती. ईरम्माला पुढं वाचता येईना, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हसून हसून. सरांनी खिशातून रुमाल काढून तिच्याकडं दिला.

"आता गोदूला धरणार," हेमावतीताई म्हणाली. "वाच."

ईरम्मा वाचू लागली. वकीलसाहेब गोदूकडे गेले. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तू घरी जा बाई, तुझी चूल विझलेलीच होती. मग ते सुमतीबाईसमोर थांबले, आणि तिथूनही पुढं गेले. "ह्या घरात आणखी एक चूल आहे," ईरम्मा वाचत होती, आणि तिचा आवाज आपोआप खाली आला, "ती कुणी मोजली नाही, कारण ती एका पुरुषाची आहे. वीस वर्षं एकट्यानं राहणारा माणूस स्वतःची भाकरी स्वतः थापतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी चौकशीला गेलो तेव्हा दिवाणजी हात धोतराला पुसत पुढं आले होते. ते हात पिठाचे होते."

दहा बायका, सगळ्यांचे हात पिठाचे. रंभाबाईनं स्वतःच्या तळव्यांकडं बघितलं.

"बाप्या?" ती शेवटी म्हणाली. "बाप्या माणूस?"

"का?" दारातून बिरप्पा म्हणाला. "बायको माहेरी गेली की मीच करतो की. गोल व्हत न्हाय, पन व्हती."

त्यावर जे हसू फुटलं ते थांबायचं नावच घेईना. हसता हसता एकमेकींवर आरोप सुरू झाले. तूच म्हणालीस बिचारा! तूच म्हणालीस एकटा जीव! ईरम्मानं मध्येच पानं मागं उलटली, झपाझप, बोटाला थुंकी लावून. चौतिसावं पान सापडलं. तिनं ते वाचून दाखवलं: "दिवाणजी पीठ लागलेले हात धोतराला पुसत पुढे आले." शब्दन्‌शब्द होता. पीठ होतं, हात होते. तिनं स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं वाचलं होतं आणि आयुष्यभर पिठात हात घालणाऱ्या दहा बायकांनी ऐकलं होतं.

"म्हणजे त्यानं फसवलं न्हाय आपल्याला," ईरम्मा म्हणाली. "सगळं समोर ठिवलं हुतं. आपुनच बघितलं न्हाय."

मग सगळ्यांनी तिला मागची आणखी पानं काढायला लावली. दिवाणजी दहाला परत आल्यावर त्याच्या खोलीतून धूर निघत होता, हे बंगल्याच्या माळ्यानं सांगितलेलं होतं. त्याच्या धाकट्या बहिणीचं शेठनं काय केलं होतं, त्याचा एक चोरटा उल्लेख होता, अगदी सुरुवातीला. प्रत्येक सापडलेल्या ओळीवर असा ओरडा होई जसा हुरड्याच्या शेकोटीभोवती कणीस भाजलं की होतो. गुरुशांत सर खुर्चीत बसून एकेका तोंडाकडे बघत होते. ईरम्मानं विचारलं, "सर, बघितलं का?"

"बघितलं," ते म्हणाले. "रंभाबाईंचं सगळ्यात चांगलं होतं."

रंभाबाई पदर तोंडाला लावून लाजली. शेडमधल्या कुणी तिला लाजताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी काम उशिरा सुरू झालं आणि तरीही ऑर्डर वेळेत गेली. कशी ते हेमावतीताईलाही कळलं नाही. बायका थापत होत्या आणि बोलत होत्या, आणि त्यांचे हात बोलण्याच्या वेगानं चालत होते.

संक्रांतीनंतर प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालं होतं, कातडी पांढरी पडली होती. पहिल्या दिवशी ईरम्माच्या भाकरीची कड फाटली, दुसऱ्या दिवशीही. डॉक्टरांनी हळू घ्यायला सांगितलं होतं. हेमावतीताईनं मग आपणहूनच ठरवलं की ईरम्मानं सकाळी थापायचं आणि जेवणानंतर दीड तास वाचायचं. पगार तोच. "माणसं गप्पांत भांडतात, पुस्तकात भांडत नाहीत," असं तिनं कारण दिलं. ते साफ खोटं होतं, कारण पुस्तकावरून तर रोज भांडणं होत.

पण पुस्तक कुठून आणायचं? सरांच्या ट्रंकेतलं दुसरं वाचून झालं, तिसरंही. एका शनिवारी ईरम्मा इरकलीचं लुगडं नेसून, नागप्पाला बरोबर घेऊन, गावातल्या वाचनालयात गेली. लाकडी काउंटरमागं एक तरुण बाई बसली होती. तिनं फॉर्म पुढं सरकवला आणि विचारलं, "काकू, कुठल्या प्रकारची पुस्तकं हवीत? धार्मिक? चरित्र? पाककृती?"

"पाककृती नको," ईरम्मा म्हणाली. "ते मला येतंय. धा पानांच्या आत माणूस मरतंय असलं काय हाय का?"

त्या बाईनं मान वर करून बघितलं. नागप्पा जरा मागं सरकला.

"आणि," ईरम्मानं फॉर्मवर स्वतःचं नाव लिहीत पुढं सांगितलं, "आदी नीट चाळून द्या, ताई. कडेला कुणी नाव लिवलेलं नको."